बाटलीतली मुदत ठेव

परदेशातून आलेल्या भाच्याने दिलेली किंवा कुणा साहेबांकडून भेट मिळालेली रेड वाईनची बाटली अनेक घरांत शोकेसमध्ये उभी दिसते. एका बाजूला लग्नातला डिनर सेट, दुसऱ्या बाजूला मुलांच्या ट्रॉफी आणि मधे ती. "राहू दे, वाईन जितकी जुनी तितकी चांगली," असं म्हणत तिला कुणी हात लावत नाही. चार-पाच उन्हाळे जातात. मग लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मोठ्या कौतुकाने बूच निघतं आणि ग्लासात येतं ते उकळलेल्या मनुकांच्या पाण्यासारखं काहीतरी. सगळे एकमेकांकडे पाहतात आणि गुपचूप ग्लास खाली ठेवतात.

मग वाईन जुनी होऊन चांगली होते हे खोटंच का? खोटं नाही, पण अर्धवट खरं आहे. उरलेलं अर्धं समजून घ्यायचं असेल, तर आपल्याला इटलीच्या वायव्य कोपऱ्यात, पिएमोंते प्रांतातल्या लांगे नावाच्या टेकड्यांवर जावं लागेल. तिथल्या लोकांनी वाट पाहण्याचा अक्षरशः कायदा केला आहे.

धुक्याच्या नावाचं द्राक्ष

तुरिन शहरातून दक्षिणेकडे साधारण ६० किलोमीटर गेलात की आल्बा लागतं. या गावाचं नाव तुमच्या मुलांना माहीत नसलं, तरी इथली एक वस्तू त्यांनी नक्की खाल्ली असेल. न्युटेला बनवणारी फेरेरो कंपनी याच आल्बाची. तिचा एक कारखाना आपल्या बारामतीतही आहे. आसपासच्या टेकड्यांवर हेझलनटच्या बागा आहेत, पण सगळ्यात चांगला, ऊन मिळणारा उतार मात्र द्राक्षांसाठी राखलेला असतो.

इथलं मानाचं द्राक्ष नेब्बियोलो. इटालियन भाषेत धुक्याला 'नेब्बिया' म्हणतात. त्यावरूनच हे नाव पडलं असं बहुतेक जण मानतात, कारण हे द्राक्ष उशिरा, ऑक्टोबरमध्ये पिकतं आणि तेव्हा सकाळी दऱ्या धुक्याने भरलेल्या असतात. या एकाच द्राक्षापासून दोन प्रसिद्ध वाईन बनतात, बारोलो आणि बार्बारेस्को. दोन्ही नावं गावांची आहेत. बारोलो ११ गावांच्या हद्दीत बनते आणि ही गावं इतकी जवळ आहेत की एका टेकडीवर उभं राहून तुम्ही अर्धीअधिक मोजू शकता.

त्यासाठी ला मोर्रा गावाच्या चौकात जा. समोर द्राक्षवेलींच्या ओळी कंगव्याने भांग पाडल्यासारख्या खाली उतरत जातात. हवा स्वच्छ असेल तर मागे आल्प्स पर्वत आणि त्यातलं ३,८४१ मीटर उंच मोन्व्हिझो शिखर दिसतं. २०१४ मध्ये युनेस्कोने लांगे, रोएरो आणि मोनफेर्रातो या भागाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. तो मुख्यतः माणसांनी शतकानुशतकं कसलेल्या शेतीला मिळाला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

कायद्याने थांबवलेली वाईन

बारोलो बनवणारा शेतकरी द्राक्षं काढली, रस आंबवला आणि विकला, असं करू शकत नाही. नियम असा आहे की द्राक्षं काढली त्या वर्षाच्या १ नोव्हेंबरपासून कमीत कमी ३८ महिने वाईन मुरू द्यायची. त्यातले किमान १८ महिने ती लाकडी पिंपात असायला हवी. म्हणजे २०२१ ची बारोलो दुकानात यायला २०२५ चा जानेवारी उजाडतो. बाटलीवर 'रिझेर्व्हा' लिहायचं असेल तर ६२ महिने, म्हणजे पाच वर्षांहून जास्त. बार्बारेस्कोसाठी नियम थोडा सौम्य आहे: २६ महिने आणि रिझेर्व्हासाठी ५०.

हे सगळं कशासाठी? नेब्बियोलोची ताजी वाईन दिसायला फिकट, नाजूक असते. रंग पाहून वाटतं, अगदी हलकी असणार. पण पहिला घोट घेतला की जीभ आणि हिरड्या कोरड्या पडतात. जांभळं खाल्ल्यावर किंवा खूप उकळलेला कोरा चहा प्यायल्यावर होतं ना, अगदी तसं. हा तुरटपणा टॅनिनचा. तो द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतो. जोडीला आंबटपणाही भरपूर असतो.

आपल्याकडे याला एक नेमका शब्द आहे, मुरणं. कैरीचं लोणचं घातल्या दिवशी खाल्लं तर मीठ वेगळं, तिखट वेगळं, फोड वेगळी लागते. वाईनचंही तसंच. वर्षं जातात तसे टॅनिनचे बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि गाळ होऊन बाटलीच्या तळाशी बसतात. तुरटपणा मऊ होत जातो. माणकासारखा लाल रंग हळूहळू विटकरी होतो. ताज्या गुलाबाचा वास सुकलेल्या पाकळ्यांचा, पाचोळ्याचा, चामड्याचा होतो. डांबराची एक बारीकशी छटाही येते. ऐकायला विचित्र वाटेल, पण नेब्बियोलोचे चाहते तीच शोधत असतात.

पण लोणच्याचाच नियम पुढे न्या. लोणचं मुरतं, कोशिंबीर मुरत नाही. दुसऱ्या दिवशी तिला नुसतं पाणी सुटतं. जिच्यात मुरण्यासारखं काही आहे तीच वाईन वेळ दिल्यावर सुधारते. जगात बनणारी बहुतेक वाईन एक-दोन वर्षांत पिण्यासाठीच बनवलेली असते. ती दहा वर्षं ठेवणं म्हणजे कोशिंबीर दहा दिवस ठेवण्यासारखं.

थांबणं कुणाला परवडतं?

आता जरा शेतकऱ्याच्या बाजूने विचार करा. तीन वर्षं माल तळघरात पडून आहे, हातात पैसा नाही, पण पुढच्या वर्षीची छाटणी, फवारणी, मजुरी थांबत नाही. म्हणून कितीतरी वर्षं लांगेतले छोटे शेतकरी स्वतः वाईन बनवतच नव्हते. सुगी झाली की द्राक्षं व्यापाऱ्याला विकायची, तो देईल तो भाव घ्यायचा. मुरण्याचा सगळा फायदा ज्याच्याकडे तळघर आणि भांडवल आहे त्याचा. सोयाबीन किंवा कांदा घरात साठवता येत नाही म्हणून पडत्या भावात विकणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

यावर बार्बारेस्को गावाने काढलेला मार्ग मराठी माणसाला चटकन कळेल, तो म्हणजे सहकाराचा. आल्ब्याच्या वाईन शाळेचे मुख्याध्यापक दोमिझिओ काव्हाझ्झा यांनी १८९४ मध्ये नऊ बागाईतदारांना एकत्र करून पहिली सहकारी संस्था काढली. फॅसिस्ट राजवटीच्या काळात ती बंद पडली. मग १९५८ मध्ये गावच्या चर्चचे पाद्री फिओरिनो मारेंगो यांनी १९ छोट्या शेतकऱ्यांना पुन्हा एकत्र आणलं. त्यांच्याकडे स्वतःचं तळघरही नव्हतं. पहिल्या तीन हंगामांची वाईन चर्चच्या तळघरात तयार झाली. 'प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को' ही ती संस्था आज जगातल्या नावाजलेल्या सहकारी वाईन संस्थांपैकी एक आहे. तिचा पत्ता अजूनही चर्चसमोरच्याच चौकातला आहे. प्रवरानगरची आठवण व्हावी अशीच ही गोष्ट आहे. एकट्याला थांबणं परवडत नव्हतं, ते १९ जणांना मिळून परवडलं.

बाप, मुलगा आणि करवत

पण किती थांबायचं, यावर एकाच घरात भांडण पेटलं तर?

जुन्या पद्धतीची बारोलो मोठमोठ्या पिंपांत वर्षानुवर्षं ठेवली जायची आणि ती पिण्याजोगी व्हायला पंधरा-वीस वर्षं लागायची. ऐंशीच्या दशकात तरुण पिढी म्हणू लागली की गिऱ्हाईक एवढं थांबणार नाही. फ्रान्समध्ये वापरतात तसे छोटे, नव्या ओक लाकडाचे पिंप आणू, साली रसात थोडेच दिवस ठेवू, म्हणजे वाईन लवकर मऊ होईल. ला मोर्राजवळच्या एलिओ आल्तारे यांनी १९८३ मध्ये साखळी करवत घेतली आणि वडिलांची जुनी मोठी पिंपं कापून टाकली. वडिलांनी त्यांना वारसा हक्कातून बेदखल केलं. बाप-लेकांतला हा दुरावा वडिलांच्या मृत्यूपर्यंत मिटला नाही.

दुसऱ्या बाजूला बार्तोलो मास्कारेल्लो यांच्यासारखे जुन्या वळणाचे लोक ठाम राहिले. त्यांनी तर आपल्या बाटलीवर छोट्या पिंपांना आणि तेव्हाचे नेते बर्लुस्कोनी यांना एकाच दमात नकार देणारं लेबल लावलं! इटलीत या सगळ्या वादाला 'बारोलोचं युद्ध' म्हणतात आणि २०१४ मध्ये त्यावर 'बारोलो बॉइज' हा माहितीपटही आला.

आज दोन्ही बाजू बऱ्याच जवळ आल्या आहेत. छोटी पिंपं वापरणारे पुन्हा मोठ्यांकडे वळले, जुन्या वळणाचे स्वच्छतेबाबत आणि द्राक्ष निवडण्याबाबत अधिक काटेकोर झाले. तुमच्यासाठी यातला कामाचा मुद्दा एवढाच: एकाच नावाच्या दोन बाटल्यांना सारखाच वेळ लागेल असं नाही. मातीसुद्धा फरक पाडते. ला मोर्रा आणि बारोलो गावाच्या बाजूची वाईन साधारणपणे लवकर खुलते. दरीपलीकडच्या सेर्रालुंगा आणि मोनफोर्ते गावांची वाईन जास्त कडक असते, ती आणखी काही वर्षं मागते.

वाईनची बँक

आल्ब्याहून थोडं पुढे पोलेंत्सो नावाचं छोटं गाव आहे. सावोय घराण्यातला राजा कार्लो आल्बेर्तो याची इथे शेती होती. त्याच्या लाल विटांच्या इमारतीत आता खाद्यशास्त्राचं विद्यापीठ भरतं आणि तिच्या तळघरात आहे 'बांका देल व्हिनो', म्हणजे वाईनची बँक. इटलीभरचे उत्पादक दर हंगामातल्या काही बाटल्या इथे ठेवतात आणि त्या वर्षानुवर्षं शांतपणे मुरतात. विटांच्या कमानींखालून चालताना तुम्हाला एकेका प्रांताच्या बाटल्या एकेका खणात रचलेल्या दिसतात.

आपल्या भाषेत ही मुदत ठेवच. फक्त एक मोठा फरक आहे. बँकेतली ठेव मुदत संपल्यावर आपोआप पुढे चालू ठेवता येते. वाईनची ठेव मुदतीनंतर घटायला लागते. चव चढत जाते, काही वर्षं शिखरावर टिकते आणि मग उतरते. ती पुन्हा वर येत नाही.

लांगेत अनेक घरांत मूल जन्मलं की त्या वर्षीच्या काही बाटल्या बाजूला ठेवतात, मुलाच्या अठराव्या वाढदिवसासाठी किंवा लग्नासाठी. २०१० किंवा २०१६ मध्ये जन्मलेली मुलं नशीबवान, ते हंगाम फार चांगले गेले. पण २००२ च्या सप्टेंबरमध्ये बारोलोच्या भागात गारपिटीने बागा झोडपल्या आणि अनेकांनी त्या वर्षी आपली सर्वोत्तम बारोलो बनवलीच नाही. तरीही जाकोमो कोंतेर्नो या जुन्या घराण्याने सेर्रालुंगातल्या आपल्या बागेतून त्याच वर्षीची मोनफोर्तीनो बाजारात आणली आणि तिचं कौतुक झालं. तेव्हा वर्ष पाहा, पण बनवणाऱ्याचं नावही पाहा.

मग नेमकी किती वर्षं?

बाटलीवर द्राक्षं काढल्याचं वर्ष छापलेलं असतं. तिथून मोजायला सुरुवात करा. चांगल्या तळघरात ठेवली असेल तर साधारण अंदाज असा:

दोल्चेत्तो: एक ते तीन वर्षं. ही लांगेतली रोजच्या जेवणाची वाईन, साठवू नका.

बार्बेरा: तीन ते सहा वर्षं. आंबट, रसाळ, टॅनिन कमी.

लांगे नेब्बियोलो: तीन ते सात वर्षं. बारोलोची धाकटी बहीण, खिशालाही हलकी.

बार्बारेस्को: आठ ते पंधरा वर्षं.

बारोलो: दहा ते वीस वर्षं. उत्तम वर्षाची आणि उत्तम हाताची त्याहून जास्त.

तोस्काना प्रांताची साधी कियांती: दोन ते चार वर्षं. कियांती क्लासिको रिझेर्व्हा: पाच ते दहा.

ब्रुनेल्लो दी मोंताल्चिनो: दहा ते वीस वर्षं. हिलाही कायदा पाचव्या वर्षाच्या जानेवारीआधी बाजारात येऊ देत नाही.

हे आकडे म्हणजे पंचांगातला मुहूर्त नव्हे. अनुभवी लोक एकाच वाईनच्या तीन किंवा सहा बाटल्या घेतात. एक लवकर उघडायची, दोन-तीन वर्षांनी दुसरी. अजून जीभ कोरडी पडते का, फळाची चव आहे का, हे पाहून पुढचं ठरवायचं. एकच बाटली असेल तर उशिरापेक्षा थोडं लवकर उघडलेलं बरं. तरुण वाईन दोन-तीन तास पसरट भांड्यात ओतून ठेवली की हवा लागून बरीच मवाळ होते, पण उतरलेली वाईन कशानेही सावरत नाही. जुनी बाटली मात्र आदल्या दिवशी उभी करून ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसेल, आणि हळूच ओता.

आणि आपल्या घरात?

वर दिलेली वर्षं तळघराची आहेत. तळघर म्हणजे बारा महिने १२ ते १४ अंश तापमान, ७० टक्क्यांच्या आसपास दमटपणा, अंधार आणि शांतता. बाटली आडवी, म्हणजे बूच ओलं राहतं आणि आत हवा शिरत नाही. उष्णता वाढली की आतल्या सगळ्या क्रिया भराभर होतात आणि चुकीच्या क्रमाने होतात. लोणच्याची बरणी उन्हात ठेवतात, वाईनची बाटली नाही.

तेव्हा नागपूर, हैदराबाद किंवा इंदूरच्या मे महिन्यातली शोकेस कशी असेल, याचा तुम्हीच विचार करा. पुणे-बंगळुरूची हवा सौम्य, पण तिथेही तळघर नाही. वाईनसाठीचा खास फ्रिज असेल तर दीर्घकाळ ठेवायचा विचार करा. नसेल तर बाटली घरातल्या सगळ्यात थंड, अंधाऱ्या कपाटात आडवी ठेवा आणि पुढचा उन्हाळा येण्याआधी उघडा. उन्हाळ्याचे दोन-तीन महिने काढायचेच असतील तर साधा फ्रिजही शोकेसपेक्षा बरा. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.

परदेशातून येताना प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, पण बडोद्याच्या किंवा पाटण्याच्या वाचकांनी लक्षात ठेवावं की गुजरात आणि बिहारमध्ये दारूबंदी आहे. वाईन प्यायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, आणि तो फक्त प्रौढांचा.

जायचं ठरलं तर

लांगे बघायला वाईन प्यायलाच हवी असं मुळीच नाही. बारोलोच्या किल्ल्यात वाईनचं संग्रहालय आहे. ग्रिंझाने काव्हूरचा किल्ला पाहा. इटलीच्या एकीकरणाच्या धड्यात ज्या काव्हूरचं नाव आपण शाळेत वाचलं, तो १८३२ पासून सतरा वर्षं या छोट्या गावाचा प्रमुख होता. ला मोर्राच्या बागेत लाल-निळ्या-पिवळ्या रंगांनी रंगवलेलं एक छोटं चॅपल आहे, फोटोसाठी मुलं तिथून हलणार नाहीत. टेकड्यांवर ठिकठिकाणी राक्षसी आकाराचे रंगीत बाक आहेत. त्यांवर बसलं की मोठ्यांचेही पाय लोंबकळतात. बार्बारेस्कोत एका जुन्या चर्चमध्येच वाईनचं दुकान आहे.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गेलात तर आल्ब्याची पांढऱ्या ट्रफलची जत्रा असते. तेव्हा गर्दी आणि भाडी दोन्ही वाढतात, पण धुकंही तेव्हाच भेटतं. तळघर बघायचं असेल तर आधी वेळ ठरवून जा. चव घेऊन थुंकण्यासाठी तिथे भांडं ठेवलेलं असतं, ते वापरण्यात कसलाही अपमान नाही. वाईन घेणाऱ्याने गाडी मात्र चालवू नये, रस्ते वळणांचे आहेत.

आणि तळघरात उतरलात की मालकाला एक प्रश्न जरूर विचारा, "ही बाटली कधी उघडू?" तो बहुधा एखादा आकडा सांगेल. मग कदाचित तुमच्याकडे बघून विचारेल की घरी ठेवायला जागा कशी आहे आणि जेवायला कोण कोण असणार आहे. जागा नसेल आणि माणसं असतील, तर याच दिवाळीत उघडा.